ते पाणी फेकू नका : खान्देशातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार करणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. कृषी सहाय्यक म्हणून चोपडा, पारोळा आणि अमळनेर तालुक्यांत नोकरी केली आणि निवृत्त झालो. आयुष्य कापसाच्या बांधावर गेलं. तरीही तुमच्या विषयावर तुम्हालाच पत्र लिहायला बसलो आहे, कारण डिसेंबर २०२२ मधला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही आणि तो दुसऱ्या कुणाच्या घरात घडू नये असं मला फार वाटतं.

माझ्या पत्नीला फुप्फुसाचा कॅन्सर होता. विडी-तंबाखूचा तिला वाससुद्धा सहन होत नसे. २०२१ च्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. आधी थंडीचा म्हणून, मग धुळीचा म्हणून, मग टीबी असेल म्हणून तीन महिने गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बायोप्सी झाली, तुकडा तपासायला बाहेरगावी गेला आणि अहवाल आला : ईजीएफआर नावाच्या जनुकात म्युटेशन, म्हणजे बदल, आहे. डॉक्टरांचा चेहरा उजळला. म्हणाले, यांना सध्या केमोची गरज नाही, रोज एक गोळी घ्यायची. गेफिटिनिब.

गोळी खरंच लागू पडली. पंधरा-वीस दिवसांत खोकला बसला. जिच्याच्यानं जिना चढवत नव्हता, तिनं त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी खापरावर मांडे केले. शेजारणी तब्येत विचारायला आल्या की म्हणायची, "आते बरं वाटस." मी देवघरात रोज त्या गोळ्यांच्या पाकिटालाही हात जोडत होतो.

नोव्हेंबरात खोकला परतला. "गोई चालू शे ना, मंग खोकला का बरं येस?" असं तिनं मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरात तिच्या छातीत पाणी झालं. एका दवाखान्यात सुई घालून ते काढलं. सव्वा लिटर निघालं, लालसर पिवळं. बाटली खाटेखाली होती. वॉर्डातला पोरगा आला आणि म्हणाला, "काका, हे फेकू ना?" मी मान हलवली. आठ दिवसांनी पुन्हा पाणी काढलं, तेही फेकलं. मग गोळी बंद होऊन केमो सुरू झाली.

जानेवारीच्या शेवटी आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी फाइल पुढूनमागून चाळली आणि विचारलं, "गोळी लागू पडेनाशी झाल्यावर पुन्हा तपासणी केली होती का? छातीतलं पाणी पाठवलं होतं का?" मी म्हणालो, तपासणी फक्त सुरुवातीला एकदाच झाली. त्यांनी शांतपणे समजावलं. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असतात, त्या गोळा करून मेणात त्यांचा ठोकळा बनवता येतो, आणि आता या घडीला कॅन्सरचं रूप काय आहे ते त्यातून कळू शकतं. फेब्रुवारीतला अहवाल फेब्रुवारीतल्या कॅन्सरचा होता.

त्यानंतरची आखाजी तिनं पाहिली नाही.

कुणावर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. तिच्यावर उपचार करणारी माणसं मनानं चांगली होती आणि पेशंटची गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे. मला जास्त लागतं ते वेगळंच. ज्या माणसानं बाटली फेकायला मान हलवली, त्यानं नोकरीतली कितीतरी वर्षं नेमकी हीच गोष्ट शेतकऱ्यांना समजावण्यात घालवली होती.

तुमच्यापैकी बहुतेकांची नाळ शेतीशी असेल, म्हणून सांगतो. मार्च २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसाच्या झाडात घातलेलं, त्यामुळे झाडातच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार व्हायचं. म्हणजे टार्गेटेड औषधच ते. मधमाशीला त्रास नाही, माणसाला नाही, नेमकी अळी मरते. फवारण्या कमी झाल्या, उतारा वाढला. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं वेगळं छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं असा नियम होता. त्याला आम्ही आश्रय पीक म्हणायचो. मी बांधाबांधावर जाऊन सांगायचो : भाऊ, हे पाकीट लावा, त्यावर साध्या अळ्या जगू द्या. एखादी अळी बीटी पचवणारी निघालीच, तर तिच्या पतंगाचा संग या साध्या पतंगांशी होईल आणि तो गुण पातळ होत जाईल. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि ते पाकीट बांधावर फेकून द्यायचे. ज्या बियाण्याला कीड लागणार हे माहीत आहे, ते कोण लावील?

गुलाबी बोंडअळीनं पहिलं जनुक पचवल्याचं २०१० साली गुजरातमधून जाहीर झालं. तोवर, २००६ पासून, दोन जनुकांचं वाण बाजारात आलं होतं. दोन जनुकं म्हणजे दुप्पट भरवसा, असं आम्हीही सांगितलं. पण पहिल्या जनुकाला अळी आधीच सरावत चालली होती, त्यामुळे पुढे सगळा भार दुसऱ्या एकट्यावर पडला आणि काही वर्षांत तेही पचलं. २०१७ च्या हंगामात काय झालं ते खान्देशाला सांगायला नको. हिरवंगार बोंड फोडलं की आत अळी. डोमकळ्यांनी, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या फुलांनी, शेतं भरली. लोकांनी उभ्या कापसावर नांगर फिरवला. अमेरिकेत मात्र आश्रय पिकाचा नियम पाळला गेला, जोडीला वांझ पतंग सोडले गेले, आणि २०१८ साली तिथल्या सरकारनं ही अळी तिथल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं. कीड तीच आणि जनुकंही त्याच घराण्यातली.

आता हेच मी कॅन्सरच्या गाठीबद्दल वाचू लागलो तेव्हा माझा रात्रीचा डोळा लागेना. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण रुग्णाच्या घरच्या माणसाला ते कसं दिसतं, हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून माझ्या शब्दांत लिहितो.

सेंटिमीटरभराच्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असू शकतात. प्रत्येक पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल करते आणि नक्कल करताना चुका होतात. कॅन्सरच्या पेशींत चुका दुरुस्त करण्याची व्यवस्थाच पुष्कळदा बिघडलेली असते. तेव्हा एवढ्या कोटींत, गोळीला दाद न देणारी एखादी पेशी पहिल्या दिवसापासूनच असण्याची शक्यता मोठी. गोळी ती पेशी बनवत नाही. गोळी बाकीच्यांना मारून तिच्यासाठी रान मोकळं करते. पीटर नॉवेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९७६ सालीच मांडलं होतं की गाठ हा बदलत, निवडला जात वाढणारा पेशींचा समुदाय असतो. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंवर प्रयोग करून दाखवलं होतं की विषाणूला तोंड देणारे जिवाणू विषाणू येण्याआधीच त्या गर्दीत हजर असतात. बोंडअळीचंही तेच. कोणत्याही शिवारात हजारांत, लाखांत एखादी अळी वेगळी असतेच.

सगळेच प्रतिकारी मात्र आधीपासून नसतात. काही पेशी गोळी सुरू झाली की मरत नाहीत आणि वाढतही नाहीत, नुसत्या दबा धरून बसतात, आणि त्या मुदतीत त्यांच्यात नवे बदल घडतात. २०१६ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ईजीएफआरच्या कॅन्सरमध्ये दोन्ही वाटा दाखवल्या : काही प्रतिकारी पेशी आधीच्या होत्या, काही अशा दबलेल्या पेशींतून नंतर निपजल्या. हे वाचलं तेव्हा मला सरकीतली जोड-बी आठवली. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून गुलाबी अळी त्यात उन्हाळाभर झोपते. वरून पाहिलं तर शेत स्वच्छ.

गेफिटिनिबच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारा बदल म्हणजे टी७९०एम. ज्या ईजीएफआर प्रथिनाला गोळी धरून बसते, त्याच्या ७९० व्या जागी थ्रिओनीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन येतं. एवढासा बदल, पण त्यानं प्रथिनाची पेशीतल्या इंधनाशी पकड घट्ट होते आणि गोळीला तिथं बसायला जागा मिळेनाशी होते. हा बदल २००५ साली सापडला. गोळी थकलेल्या रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक जणांत तोच निघतो. आणि त्याच्यासाठी वेगळं औषध आहे, ओसिमर्टिनिब. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. टी७९०एम असलेल्या रुग्णांमध्ये केमोशी तुलना करणारी मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. आजार पुन्हा वाढायला लागण्याआधीचा मध्यम काळ (निम्म्या रुग्णांचा त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त) केमोवर ४.४ महिने आणि या गोळीवर १०.१ महिने होता.

म्हणजे त्या पाण्याच्या तपासणीतून माझ्या पत्नीला ही गोळी लागू असल्याचं कळण्याची निम्मी शक्यता होती. तिच्या गाठीत तो बदल होता की नव्हता, हे मला आता कधीच कळणार नाही. तपासणी केली असती तर ती वाचली असती असंही मी म्हणत नाही. ओसिमर्टिनिबलाही गाठ पचवते. ते औषध प्रथिनाच्या ७९७ व्या जागेवरच्या सिस्टीनला धरून बसतं, आणि मग कधी कधी नेमकं ते सिस्टीनच बदलतं. पण आणखी एक आखाजी, आणखी एक पावसाळा, नातवाचं बारसं. आमच्या घरात त्याला किंमत होती.

उरलेल्या निम्म्यांचं काय, हे मला तपासणीचं याहून मोठं कारण वाटतं. काहींच्या गाठीत मेट नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या प्रती वाढतात. आपण एका चारीचं पाणी अडवतो आणि ते शेजारच्या चारीनं शेतात शिरतं, तसं. आणि थोड्या रुग्णांत तर गाठ आपली जातच बदलते, ॲडिनोकार्सिनोमा या नेहमी दिसणाऱ्या प्रकारचा कॅन्सर स्मॉल सेल या वेगळ्याच प्रकारचा होतो. त्याची केमोच वेगळी. बाहेरून सगळ्यांचं लक्षण एकच, खोकला परत आला. आत मात्र वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. पान पिवळं पडलं म्हणून प्रत्येक शेतात युरिया टाकणाऱ्याला आम्ही समजावायचो की पाणी साचलं का बघ, मूळ उकरून बघ, तुडतुडे आहेत का बघ. तुम्ही तर आमच्याहून कितीतरी शिकलेले.

आजकाल पुष्कळ ठिकाणी ओसिमर्टिनिबच पहिली गोळी म्हणून देतात. तिथे टी७९०एमचा प्रश्न मागे पडतो, पण गाठ तिथेही वाट काढतेच, आणि वाटा जास्त वेगवेगळ्या असतात. त्यामुळे पुन्हा तपासण्याची गरज उलट वाढते.

एका रुग्णाची हकीकत मी वाचली, ती तुम्हाला सांगावीशी वाटते. २०१६ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. एका बाईंना एएलके जनुकाचा फुप्फुसाचा कॅन्सर होता. क्रिझोटिनिब दिलं, काही काळानं ते थकलं. पुढे लॉरलॅटिनिब दिलं, तेही थकलं. यकृत निकामी व्हायला लागलं. डॉक्टरांनी पुन्हा तुकडा घेऊन तपासला. लॉरलॅटिनिबला चुकवण्यासाठी गाठीत जो नवा बदल झाला होता, त्यानंच ती गाठ जुन्या क्रिझोटिनिबला पुन्हा वश झाली होती. टाकून दिलेली पहिली गोळी परत सुरू केली आणि यकृत सावरलं. पुन्हा तपासलं नसतं तर हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. असं क्वचितच घडतं, मला मान्य आहे. पण तपासल्याशिवाय क्वचितातलं आपल्या वाट्याला आलं की नाही हे कळणार कसं?

एक आक्षेप मला एका डॉक्टरांनी प्रेमानं सांगितला : "काका, पुन्हा पुन्हा फुप्फुसात सुई घालणं सोपं नसतं, आणि एका जागच्या तुकड्यावरून सगळं कळत नाही." खरं आहे. लंडनच्या चार्ल्स स्वाँटन यांच्या गटानं २०१२ साली दाखवलं की मूत्रपिंडाच्या एकाच गाठीतून वेगवेगळ्या जागचे तुकडे घेतले, तर त्यांतले सुमारे दोन तृतीयांश बदल सगळ्या तुकड्यांत सारखे सापडत नाहीत. आम्ही मातीचा नमुना एका जागचा घेऊच देत नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यायला लावतो. पण त्यावर वाट निघाली आहे ना. मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात येतो, आणि साध्या रक्ताच्या नमुन्यातून हे बदल शोधण्याच्या तपासणीला अमेरिकेत २०१६ सालीच मान्यता मिळाली. साऱ्या शिवाराचं पाणी ज्या नाल्यात उतरतं, तिथलाच नमुना घेतल्यासारखं ते आहे. रक्तात सापडलं नाही म्हणजे बदल नाहीच, असं मात्र धरता येत नाही, तेव्हा तुकडा घ्यावाच लागतो. आणि जात बदललेला कॅन्सर ओळखायला पेशी प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. छातीतलं किंवा पोटातलं पाणी तर आपण रुग्णाला आराम पडावा म्हणून काढतोच. वेगळी सुई नको, वेगळं दुखणं नको. ते फक्त फेकायचं नाही.

खर्च परवडत नाही आणि सोय नाही, हा दुसरा आक्षेप. इथे मला टीबीचं उदाहरण द्यायचं आहे. आपल्याच जिल्ह्यांत टीबीच्या संशयिताची थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर लावतात, आणि जंतू रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे काही तासांत, फुकट कळतं. औषध ठरवण्याआधी जंतूला विचारायचं, ही शिस्त आपण टीबीत आणली. १९४० च्या दशकात एकटं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं तेव्हा रुग्ण आधी सुधारले आणि मग जंतूनं औषध पचवलं. त्या धड्यातून एकदम तीन-चार औषधं देण्याची पद्धत आली. ती आज आपल्या आशाताईंनाही पाठ आहे. जे खेड्यापाड्यात टीबीसाठी जमलं, ते कॅन्सरसाठी निदान जिल्ह्याच्या गावी का जमू नये?

टीबीचा हा दुसरा धडाही कॅन्सरमध्ये आपल्या राज्यातच तपासला गेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ईजीएफआरच्या ३५० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना एकटं गेफिटिनिब, निम्म्यांना त्यासोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमो. आजार रोखून धरण्याचा मध्यम काळ एकट्या गोळीवर ८ महिने, जोडीवर १६ महिने. दुष्परिणाम जोडीत जास्त होते, हेही त्यांनी सांगितलं. एकाच पेशीत दोन वेगवेगळ्या माऱ्यांना तोंड देणारे बदल एकदम असणं अवघड, हे त्यामागचं साधं गणित. मला बीटीचं दुसरं जनुक आठवलं, उशिरा आलेलं.

इथे माझी बोंडअळीची उपमा कुठे संपते हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या हातून चुकीचं काही पसरेल. पचवणारी अळी शेजाऱ्याच्या शेतात उडून जाते. एका माणसाची गाठ दुसऱ्याला लागत नाही, प्रत्येक शरीरात हा सगळा खेळ नव्यानं सुरू होतो. आणि पतंगांचा संग होतो तसा पेशींचा होत नाही, म्हणून आश्रय पिकाचा नियम जसाच्या तसा तिथे चालत नाही. पण साध्या पेशी दुसऱ्या रीतीनं उपयोगी पडतात. जागा आणि पोषण त्या अडवून धरतात, आणि प्रतिकारी पेशींना पसरू देत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी हा विचार कीड नियंत्रणाच्या अभ्यासातूनच उचलला. त्यांनी २००९ च्या लेखात उदाहरण दिलं ते कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं, ज्याच्यावर आम्ही शेतकऱ्यांसोबत किती हंगाम घालवले! पुढे प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी अबिराटेरॉन हे औषध असं दिलं की पीएसएचा, म्हणजे आजार किती आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा निम्म्यावर आला की थांबवायचं आणि मूळ जागी आला की पुन्हा सुरू करायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत अवघे ११ रुग्ण होते, आणि नेहमीच्या निम्म्याहूनही कमी औषधात बहुतेकांचा आजार वाढणं लांबलं. फार छोटी चाचणी आहे ती, आणि एका विशिष्ट कॅन्सरची, ठराविक मोजमापाखाली केलेली. हे पत्र कुणा रुग्णाच्या हाती पडलं तर हात जोडून सांगतो : आपल्या मनानं गोळी बंद करू नका, एक दिवसाआड करू नका, पैसे वाचवायला अर्धी करू नका. मी हे लिहिलं ते एवढ्यासाठीच की शेतातलं शहाणपण तुमच्या शास्त्रात पोचलेलं आहे, आणि म्हणून मला हे पत्र लिहायचं धाडस झालं.

आता मागणं.

टार्गेटेड गोळी सुरू करता त्याच दिवशी घरच्यांना सांगा की गाठ बदलते. बरेच डॉक्टर रुग्णाची उमेद खचेल म्हणून हे टाळतात. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि त्यामुळे खोकला परतला तेव्हा महिनाभर आम्ही तो अंगावर काढला. गोळी चालू आहे म्हणजे आजार असू शकत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. शेतकरी घरातल्या माणसाला उभ्या पिकावर रोग येतो हे नवीन नसतं. त्याला कधी काय बघायचं ते सांगा, तो बघतो. खोकला, दम, हाडाचं दुखणं, सतत डोकं दुखणं, यातलं काही नव्यानं सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता या, एवढं फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून दिलंत तरी पुष्कळ.

गोळी थकल्याचं स्कॅनवर दिसलं की औषध बदलण्याआधी एकदा थांबून विचारा, आत्ताच्या गाठीचा नमुना आपल्याकडे आहे का? रुग्णाची तब्येत वाट पाहण्याजोगी नसेल तर उपचार सुरू करा, पण नमुना आधी घेऊन ठेवा. आणि छातीतून, पोटातून काढलेलं पाणी प्रयोगशाळेत पेशींच्या ठोकळ्यासाठी जाईल अशी तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक पोरापर्यंत सूचना द्या. बाटली फेकायची की नाही हा निर्णय त्या पोरावर आणि माझ्यासारख्या नवऱ्यावर सोडू नका. पहिल्या बायोप्सीचा ठोकळाही जपा आणि तो कुठे आहे ते आम्हाला सांगा. आम्ही एक्स-रे जपतो, मेणाचा तो तुकडा काय असतो हे आम्हाला माहीतच नसतं.

तपासणी इथेच व्हावी असा माझा हट्ट नाही. नमुना इथून जावा, माणूस नाही. अक्कलकुव्याच्या, धडगावच्या आदिवासी बाईला एका रक्ताच्या नळीसाठी सुरत नाहीतर मुंबई गाठायला लावणं म्हणजे ती तपासणी तिच्यासाठी नाहीच. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून ठराविक दिवशी नमुने गोळा होऊन जातील आणि अहवाल परत येतील, एवढी साखळी तुम्ही सगळ्यांनी मिळून मागितली तर उभी राहू शकते. केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं करण्याची घोषणा झाली आहे. ती केंद्रं फक्त सलाईन लावण्याची जागा होऊ नयेत, नमुना घेण्याचीही व्हावीत, हे सांगण्याची वेळ हीच आहे. २०२४ मध्ये ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ झालं, चांगलं झालं. पण कुणाला ते लागू पडेल हे शोधणारी दुसरी तपासणी गरिबाच्या आवाक्यात नसेल तर ती माफी त्याच्यापर्यंत कशी पोचेल? आज जी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, ती २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात धुळे होतं. ही दुसरी तपासणी त्या योजनेत नाव घेऊन, स्पष्टपणे असावी यासाठी तुम्ही शासनाला लिहा. माझ्या अर्जाला पोच मिळते. तुमच्या सहीच्या पत्राला उत्तर मिळेल.

मलाही काही करता येईल असं वाटतं. आम्ही बोंडअळीसाठी गावोगाव सभा घ्यायचो, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा हातात घेऊन दाखवायचो, चार पतंग अडकले की लोकांना पटायचं. तुमच्या ओपीडीत गोळी सुरू झालेल्या रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसवा. गाठ कशी बदलते, गोळी का थकते, पुन्हा तपासणी का मागायची, हे मी त्यांना अहिराणीत समजावून सांगेन. काय बोलायचं ते आधी तुम्ही तपासून द्या, त्याबाहेर मी जाणार नाही. सोबत सरकीची जोड-बी घेऊन येईन. ती फोडून दाखवली की आमच्या माणसांना लगेच कळतं. गाडीभाडं नको. चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही बोलवा.

आपला,
एक निवृत्त कृषी सहाय्यक
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव